मासे वाळवायचं चाक

माझ्या हातून आयुष्यात एकच यंत्र बनलं, आणि ते बनवण्यासाठी घरातली दोन चालू यंत्रं मारावी लागली. हे मी आधीच सांगून टाकतो. नंतर ते माझ्या बायकोच्या तोंडून कळण्यापेक्षा हे बरं.

त्या रविवारी मी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला निघालो होतो. बादलीत सगळ्यात वर सहा मासे पडले होते. लाकडाचे. बोटाएवढा लांब, रंगवलेला, पोटाखाली गळ लटकवलेला लाकडी मासा पाण्यातून ओढत नेला की खरा मासा त्याला आपलं जेवण समजून तोंडात घेतो आणि फसतो. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर असे मासे तासले. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, ते आमच्याकडे राहत होते. त्या वर्षात ते जिन्याची एक पायरी उतरले नव्हते. बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे, लाकूड घ्यायचे, अर्धवट तासून ठेवून द्यायचे. हे सहा मात्र त्यांनी पुरे केले होते, रंगवले होते, वर रोगणही चढवलं होतं.

"मामा, हे चुकून पडलेत का?" मी विचारलं.

"नाही."

माझे सासरे कमी बोलतात. मी एक मासा उचलून पाहिला. शेपटीच्या टोकाला रोगणाचा टपोरा थेंब ओघळून वाळला होता, सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखा. सहाही माशांना सर्दी होती.

स्वयंपाकघरात बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. "वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी पुरं केलं," ती म्हणाली, "आणि फेकून दिलं. तुम्ही काहीतरी करा ना."

बायकोच्या तोंडून हे वाक्य निघालं की शहाण्या नवऱ्याने ताबडतोब आजारी पडावं. मी तेवढा शहाणा नाही. मी एका विमा कचेरीत पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज तपासून परत करतो. काहीतरी करणं हा माझा प्रांतच नव्हे. दुसऱ्याने केलेल्यात काय राहिलं ते दाखवणं हा माझा प्रांत. तरीही मी बाल्कनीत गेलो आणि रोगण ओघळतं का, ते विचारलं.

"मधासारखं दाट असतं," सासरे म्हणाले. "टांगलं की खाली उतरतं. घट्ट होईस्तोवर मासा फिरता हवा."

"किती वेळ?"

"चार तास. थंडीत पाच."

"मग फिरवणारं चाक करू की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. त्या नजरेत अपमान नव्हता, फक्त माहिती होती. पण ती मला लागली. लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत मी त्यांच्या घरच्या खिडकीची कडी बसवायला गेलो होतो आणि खिडकीच निघून हातात आली होती. ती गोष्ट त्यांनी कधी काढली नाही, हाच त्यांचा मोठेपणा आणि हेच माझं दुःख.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर फ्रिज दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. सगळे त्याला फ्रिजवाला म्हणतात. त्याला जगातली कुठलीही अडचण सांगा, तो आधी डोळे मिटतो आणि मग म्हणतो, "सोपं आहे." पुढे जे काही होतं त्याला तो जबाबदार नसतो.

"सोपं आहे," तो म्हणाला. "मोटर म्हणजे मोटर. फिरण्याशी मतलब. टेबलफॅन आहे ना घरात?"

होता. पुढच्या रविवारी मी त्याची पाती काढली, पत्र्याच्या डब्याची दोन गोल झाकणं त्याच्या दांड्यावर वीतभर अंतराने बसवली आणि दोन झाकणांच्या मध्ये कपड्यांच्या चिमट्यांनी सहा नवे, ओले मासे आडवे धरले. सासरे बाल्कनीतून एवढंच म्हणाले, "गळ आधी काढा." मला ते बारीकसारीक वाटलं. मोठं काम हातात असताना माणसाला बारीकसारीक ऐकू येत नाही.

पंख्याचा सगळ्यात कमी वेगसुद्धा माशांना झेपणारा नव्हता. बटण दाबल्यावर पहिली घरघर झाली आणि खोलीत एकही मासा दिसेना. एक पडद्यात रुतला होता, एक दिव्याच्या काचेवर चिकटला होता, दोन पुस्तकांच्या कपाटावर गेले, एक आजवर सापडलेला नाही. सहावा माझ्या पाठीमागे, मी ज्यावर बसतो तिथे, पॅंटसकट खोल घुसला होता. गळाला उलटं टोक असतं. तो आत जातो, बाहेर येत नाही. ही त्याची खुबी मला त्या दिवशी मुळापासून समजली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं आणि विचारलं, "कुठे गेला होतात मासे पकडायला?"

"कुठेच नाही. बैठकीच्या खोलीत होतो."

परिचारिकेने वहीत 'घरगुती अपघात' असं लिहिलं आणि भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत उभी राहिली. मी एका अंगावर कलून घरी आलो. डॉक्टरांनी काढलेला गळ सासऱ्यांनी हातात घेऊन उजेडात धरला. "टोक चांगलं राहिलंय," ते म्हणाले.

"वेग जास्त झाला," फ्रिजवाल्याने निदान केलं. "तुम्हाला मिनिटाला पाच फेरे हवेत. ओव्हनमधली थाळी कशी फिरते, तसे."

आमच्या घरात ओव्हन होता. चालू होता, हीच काय ती अडचण. बायको कामावर गेली होती. मी त्याच्या बुडाची लहानशी मोटर काढून घेतली आणि थाळी पुन्हा जागेवर ठेवून दिली. बाहेरून ओव्हन होता तसाच दिसत होता. दिवा लागायचा, घंटी वाजायची, फक्त आत काही फिरत नव्हतं. कचेरीत माझ्या आसपास बसणारे बरेच जण असेच आहेत, आणि मीही वेगळा आहे असं नाही. दोन दिवसांनी बायकोने एका बाजूने उकळतं आणि दुसऱ्या बाजूने गार असलेलं दूध माझ्यासमोर ठेवलं आणि समोर बसून राहिली. मी ते संपवलं.

आता माशांना रंगही बेताचा, पातळ बसायला हवा होता. सासऱ्यांचा हात थरथरतो. कुंचल्याने रंग कुठे जाड, कुठे नाही असा लागायचा. फ्रिजवाल्याने डोळे मिटले. एका मेलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, त्याला नळी, नळीच्या टोकाला रंग फवारायची छोटी बंदूक, आणि फवारा घरभर उडू नये म्हणून धुलाई यंत्राचं रिकामं खोकं. खोक्याच्या मागच्या बाजूला हवा ओढून घेणारा पंखा, त्याला प्लास्टिकची जाड नळी, आणि ती खिडकीतून बाहेर. कागदावर हे फार सुरेख दिसत होतं. मी फवारा सोडला तेव्हा पंख्याचं तोंड उलटं बसवलंय हे कळलं. बाहेरची हवा आत आली आणि हिरवा रंग माझ्याकडे. चेहरा मी घासून काढला. डाव्या कानाचं मात्र माझ्या लक्षात आलं नाही. सोमवारी दिवसभर लोक माझ्याशी उजव्या बाजूने येऊन हळू आवाजात बोलत होते. संध्याकाळी साहेबांनी बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी "हो" म्हणालो. त्यांनी माझ्या कानाकडे बघत मान हलवली. आजारी माणसाच्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसं त्यांनी ते संभाषण बंद केलं.

असं होत होत एका रविवारी दुपारी ते चाक चाललं. गळ काढून ठेवलेले सहा मासे दोन झाकणांच्या मध्ये, वर एक पिवळा दिवा, आणि चाक मिनिटाला पाच फेरे घेत, जराही घाई न करता फिरतंय. थेंब खाली यायला निघायचा आणि तोवर खाली ते वर झालेलं असायचं. सासऱ्यांनी बाल्कनीतली खुर्ची स्वतः उचलून आत आणली आणि चाकासमोर बसले. शेजारच्या स्टुलावर त्यांनी एक जुना, रंग उडालेला मासा ठेवला होता. तो त्यांच्या जवळ नेहमीच असे. चार तास ते हलले नाहीत. बायको दोनदा येऊन त्यांच्या पाठीकडे बघून गेली. तिच्या डोळ्यांत ओव्हनची माफी दिसली, निदान मला तशी वाटली.

त्या आनंदात मी एक चूक केली. जिन्यात उभा राहून मी तळमजल्याला ओरडून सांगितलं, "सहा मासे वाळले. उद्या आणखी सहा वाळवायला टाकतो."

आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. इमारतीच्या सेक्रेटरीही त्याच. सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. हेडबाईंचं दार उघडलं.

"तुम्ही घरात मासे वाळवता?"

"लाकडाचे आहेत, बाई."

"मला चार दिवस वास येतोय."

"लाकडाला माशाचा वास कसा येईल?"

"चौतीस वर्षं मी पोरींच्या दप्तरातलं न उघडता ओळखलंय," हेडबाई म्हणाल्या. "वास मला शिकवू नका."

मी त्यांना आत येऊन बघा म्हणालो. त्या म्हणाल्या, जिथे वास येतो तिथे त्या जात नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली: इमारतीत मासे वाळवण्याचा धंदा करू नये. पहिल्या मजल्यावरच्यांनाही वास यायला लागला. फ्रिजवाल्याने तर खासगीत मला सांगितलं, की थोडासा येतो खरा. आठवड्याने आरोग्य खात्याचा निरीक्षक दारात उभा राहिला.

निरीक्षक चांगला माणूस होता. त्याला स्वतःलाच पडसं झालं होतं, त्यामुळे वासाच्या रकान्यात काय लिहावं ही त्याची पहिली अडचण. त्याने मासे पाहिले, टिचकी मारून पाहिले, आणि मान्य केलं की लाकूड आहे.

"मग तसं लिहा," मी म्हणालो.

"लाकडाला रकाना नाही. प्रकार मासे, संख्या सहा. सजीव की मृत?"

"ते कधी जिवंतच नव्हते," सासरे खुर्चीतून म्हणाले. मग उठून आतल्या खोलीत आडवे व्हायला गेले.

निरीक्षकाने बराच विचार करून 'मृत' लिहिलं. मग समजावून सांगितलं, की तक्रार लेखी आहे तेव्हा ती नुसतं तोंडी सांगून खोटी ठरत नाही. एक नमुना प्रयोगशाळेत जाईल, तिथे तो खाण्यालायक नाही असा दाखला मिळेल, आणि विषय मिटेल. तोवर चाक बंद. त्याने चाकाला सुतळी गुंडाळली, गाठीवर कागद चिकटवला, कागदावर शिक्का मारला. त्याची पद्धत मला आवडली. मीही असंच केलं असतं.

"एक द्या कुठलाही. तीन दिवसांत परत मिळेल."

मी नवे मासे पाहिले. प्रत्येकावर सासऱ्यांचे दिवस गेले होते. स्टुलावर तो जुना पडला होता. पाठीचा रंग उडालेला, पोटावर ओरखडे. मी तो उचलला आणि निरीक्षकाच्या पाकिटात टाकला. आपण व्यवहार बरा साधला असं मला वाटलं, हे मी लपवत नाही.

संध्याकाळी सासरे बाहेर आले आणि स्टुलाकडे बघत राहिले.

"जुना कुठाय?"

"तपासणीला दिला," मी म्हणालो. "नवा एकही जाऊ दिला नाही, मामा. तीन दिवसांत येतो तो."

"हं," ते म्हणाले आणि बाल्कनीत गेले. खुर्ची आतच राहिली होती. ते उभेच राहिले.

बायकोने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तो आईने रंगवलेला होता," ती म्हणाली. "बाबा नुसते तासायचे. रंग सगळे आईचे. बाकीचे कुणाकुणाला दिले, पाण्यात गेले. तो एवढाच राहिला होता. तो समोर ठेवून ते तिचे रंग जुळवत होते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

पाच वर्षं मी 'अर्जदाराने माहिती दिली नाही' असा शेरा मारून एका म्हाताऱ्याचं प्रकरण अडवून ठेवलं होतं. ते मला तिथे, ओट्याशी उभं असताना, का आठवलं ते सांगता येत नाही.

तीन दिवसांनी मी अर्धी रजा टाकून आरोग्य खात्याच्या खिडकी क्रमांक चारवर गेलो. खिडकीमागे एक बाई होत्या. "उद्या या," त्या म्हणाल्या. मी पंचवीस वर्षं हे दोन शब्द ह्याच आवाजात म्हणत आलोय. ते पलीकडच्याला कुठे लागतात ते मला ठाऊक नव्हतं. छातीच्या जरा खाली लागतात. दुसऱ्या दिवशी कळलं, की नमुना शिजवून बघायचा की कच्चा, ह्यावर प्रयोगशाळेचं ठरत नाहीये. त्यानंतरच्या खेपेला प्रयोगशाळेचे साहेब प्रशिक्षणाला गेले होते. मी रोज जात राहिलो. घरी रोज सासरे विचारायचे नाहीत, आणि रोज मी सांगायचो, "उद्या मिळेल."

नवव्या दिवशी बाईंनी कागद सरकवला. 'नमुना अखाद्य आढळला. तक्रारीत तथ्य नाही. नियमानुसार नमुना नष्ट करण्यात आला.'

मी तो दोनदा वाचला. "परत मिळतो म्हणाले होते."

"खाण्यालायक असता तर मिळाला असता," त्या म्हणाल्या. "अखाद्य भट्टीत जातं. दर गुरुवारी."

मी कागद हातात धरून तिथेच उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "घरचं होतं का कुणाचं?"

"सासूबाईंचं."

त्यांनी आपला पाण्याचा पेला खिडकीच्या फटीतून माझ्याकडे सरकवला. मागे रांग होती. ती थांबली. मी पाणी प्यायलो, पेला परत केला आणि मासे वाळवण्यास हरकत नसल्याचा शिक्का मारलेला दाखला खिशात घालून बाहेर आलो. बस थांब्यावर मी तीन बस सोडल्या.

फ्रिजवाल्याला मी सगळं सांगितलं. त्याने डोळे मिटले. "सोपं आहे. नव्यातला एक घ्या, पॉलिश पेपर मारा, दोन ओरखडे काढा. त्यांना नीट दिसतंय कुठे? म्हातारा माणूस, समाधान होईल." आणि खरं सांगतो, मी पॉलिश पेपर हातात घेतला. त्याच्या दुकानात बसून मी एका चांगल्या माशाच्या पाठीवरून तो फिरवलाही. मग माझ्या लक्षात आलं, की ओरखडे कसे होते ते मला आठवत नाहीये. मी त्या माशाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी पेपर खाली ठेवला आणि जिना चढलो.

सासरे बाल्कनीत होते. मी दाखला त्यांच्यासमोर धरला आणि म्हणालो, "मामा, तो गेला. जाळला त्यांनी. मी दिला नसता तर राहिला असता."

त्यांनी कागद घेतला नाही. हळूहळू कठड्याला धरून माझ्याकडे वळले. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता.

"पोटावर तिचं अक्षर होतं. वाचता येत नव्हतं तुम्हाला?"

"मला ते ओरखडे वाटले."

"ओरखडे," ते म्हणाले. "दिवसभर लोकांचे कागद परत करता म्हणे तुम्ही. एक लाकूड परत आणता आलं नाही."

बायको मध्ये आली नाही. तिने यावं असं मला वाटत होतं, आणि येऊ नये असंही. सासरे आत गेले आणि दोन दिवस आतच राहिले. जेवण ताटात तसंच परत यायचं. चाकाला सुतळी गुंडाळलेलीच होती. काढायची परवानगी माझ्या खिशात होती, पण हात जात नव्हता. हेडबाईंना मी दाखल्याची प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, व्याकरणाची एक चूक दाखवली आणि म्हणाल्या, "वास कमी झालाय खरा." मी भांडलो नाही.

रविवार होता, सकाळची वेळ. मी बैठकीच्या खोलीत बसलो होतो. सासरे आतून आले आणि चाकासमोरच्या खुर्चीत बसले.

"हिरवा नव्हता," ते म्हणाले.

"काय?"

"पाठीचा रंग. मी हिरवा लावत होतो. तो नुसता हिरवा नव्हता. ती त्यात चहाचं पाणी टाकायची."

बायको दारात येऊन उभी राहिली. "चहा नाही, बाबा. तपकिरी पुडी होती. मी आणून द्यायचे."

"तू शाळेत असायचीस."

"दुपारी घरी असायचे मी. निळ्या बाटलीत भिजवायची ती."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बाटली निळी होती," त्यांनी कबूल केलं.

मग दोघं भांडू लागले. पोट पांढरं की पिवळसर, ठिपके सात की नऊ, शेपटी आधी की नंतर. वर्षभरात त्या घरात सासूबाईंचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आता ठिपक्यांवरून त्या दोघांच्या मध्ये येऊन बसल्यासारख्या झाल्या. मी सुतळी कापली. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते काम माझ्याने होण्यासारखं होतं.

सासऱ्यांनी एक कोरा मासा काढला, कुंचला घेतला आणि पाठीवर टेकवला. हात ऐकेना. त्यांनी एकदा, दोनदा पाहिलं आणि कुंचला माझ्याकडे केला.

"माझा हात कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे, मामा."

"थरथरत तर नाही ना? घ्या. मी सांगतो तसं. श्वास धरा."

मी श्वास धरला. दोन तास ते सांगत होते, बायको दुरुस्त करत होती आणि मी रंगवत होतो. हिरव्यात आधी चहा पडला, मग तपकिरी पुडी पडली, आणि जो रंग झाला तो दोघांनाही पटला नाही, पण दोघंही गप्प बसले. ठिपके आठ काढले. सात आणि नऊच्या मधली तडजोड. डोळा काडेपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकाने उमटवायचा असतो. तो माझ्याकडून जरा वर गेला आणि मासा नोटीस मिळाल्यासारखा दिसायला लागला. वर रोगण चढवलं, मासा चाकात लावला, दिवा लावला, बटण दाबलं. चाक चार फेरे फिरलं आणि वीज गेली.

मी उठून खिडकीतून पाहिलं. सगळ्या गल्लीतलीच गेली होती. चाक थांबलं होतं आणि रोगण पोटाकडे उतरायला लागलं होतं. इतक्या रविवारांचं माझं यंत्र. त्याला माझ्याइतकाच उपयोग उरला होता.

सासऱ्यांनी हात पुढे करून चिमट्यासकट मासा काढून घेतला. दोन बोटांत चिमटा धरला आणि हळूहळू वळवू लागले. फिरवायला त्यांचा हात चालत होता. थरथर होती, पण फिरणाऱ्या वस्तूला तिचं काही वाटत नाही.

"ती अशीच बसायची," ते म्हणाले. "रोगण लावलं की हातात धरून. चार-चार तास. मी म्हणायचो, टांगून ठेव की. ती म्हणायची, टांगलं की ओघळतं."

"आणि तुम्ही, बाबा?" बायकोने विचारलं.

"मी त्या वेळी झोपायचो."

त्यांचा हात दमला की बायको घ्यायची, तिचा दमला की मी. माझ्या पाळीला दोघंही माझ्या बोटांकडे डोळे लावून बसायचे. उन्हाची तिरीप जमिनीवरून भिंतीवर गेली. वीज आली तेव्हा मासा सासऱ्यांच्या हातात होता. कुणी चाकाचं बटण दाबायला उठलं नाही.

पाच वाजता त्यांनी बोट लावून पाहिलं. रोगण घट्ट झालं होतं. शेपटीला थेंब नव्हता. ते मासा खिडकीशी घेऊन गेले, उजेडात उलटासुलटा केला. कचेरीत माझ्या टेबलासमोर लोक निकालाची वाट बघत उभे असतात, तसा मी उभा होतो. म्हणजे बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"तिचा नाही झाला," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"डोळा वर गेलाय."

"पुसून पुन्हा काढू?"

त्यांनी थोडा विचार केला. "राहू दे. मासे कुठे डोळ्यांत बघतात." आणि मग, अजूनही खिडकीबाहेरच बघत, त्यांनी विचारलं, "उद्या तुम्हाला रजा मिळेल का?"

"कशाला?"

"तळ्यावर जायला. दोन बस बदलाव्या लागतात. मला एकट्याला जमायचं नाही."

मी मिळेल म्हणालो.